पगाराची किल्ली कुणाच्या खिशात?

एसटीच्या बोलीत एक शब्द आहे, 'वस्तीची गाडी'. दिवस मावळताना आगारातून निघायचं, शेवटच्या खेड्यात रात्र काढायची आणि पहाटे तिथूनच माणसं भरून परतायचं. चालक-वाहक गाडीतच अंग टाकतात, नाहीतर एखाद्या देवळाच्या ओट्यावर. तांबडं फुटायच्या आत इंजिन घरघरतं, आणि त्या आवाजावर कॉलेजच्या पोरी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं आणि तहसीलला तारखेवर जाणारा शेतकरी असे सगळे आपापलं आवरायला घेतात. नोव्हेंबर २०२१मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातल्या खेड्यांत ही घरघर थांबली. एसटी कामगारांच्या संपाने राज्यातली अडीचशे आगारं बंद पडली होती, त्यांत बिलोलीचंही होतं. सगळं पूर्ववत व्हायला एप्रिल उजाडला.

योग असा, की त्याच सुमारास हा तालुका राज्याच्या नकाशावर ठळक झाला होता. बिलोली आणि देगलूर मिळून असलेल्या देगलूर विधानसभा मतदारसंघात ३० ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणुकीचं मतदान होतं. पुढाऱ्यांच्या गाड्या येत-जात होत्या. प्रचार संपला, निकाल लागला, पाहुणे परत गेले आणि स्टँडवर लालपरी, म्हणजे एसटीची लाल बस, तेवढी उभी राहिली.

त्या संपाबद्दल बोलताना लोक 'विलीनीकरणाचा संप' म्हणतात. पण महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, ही मागणी शेवटी आली. तिच्यामागे वर्षानुवर्षं अडलेले वेतन करार होते. पगाराची बोलणी नेमकी कुठे अडतात, हे समजून घ्यायचं तर एसटीइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही.

आयोग आणि करार

बिलोलीच्या तहसील कचेरीतला कारकून आणि आगारातला वाहक, दोघांनाही गावात 'सरकारी नोकर' म्हणतात. लग्न जमवताना दोघांच्या स्थळाला सारखाच मान असतो. कायद्याच्या लेखी मात्र दोघं वेगळ्या घरचे.

कारकुनाचा पगार वेतन आयोगाने ठरतो. केंद्राचा आयोग बसतो, अहवाल देतो, मग राज्य तो आपल्या सोयीने स्वीकारतं. महाराष्ट्राने सातवा आयोग जानेवारी २०१९पासून दिला आणि तो १ जानेवारी २०१६पासून लागू धरला. उशीर झाला, तरी श्रेण्यांचा तक्ता तयार मिळतो. कारकुनाला टेबलावर बसून घासाघीस करावी लागत नाही.

वाहक मात्र महामंडळाचा कामगार. त्याचा पगार ठरतो करारावर, आणि हा करार चार वर्षांचा असतो: २०१२ ते २०१६, २०१६ ते २०२०, २०२० ते २०२४. जुन्या कराराची मुदत संपत आली की संघटना मागणीपत्र देते, प्रशासन आपला प्रस्ताव ठेवतं आणि बैठका सुरू होतात. जमलं तर सह्या. नाही जमलं तर कामगार खात्याचा समेट अधिकारी मध्ये पडतो, आणि तिथेही नाही मिटलं तर प्रकरण औद्योगिक न्यायालयापर्यंत जाऊ शकतं.

या रचनेत एक खोच आहे. कराराची मुदत संपली म्हणून करार मरत नाही. नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. कामगाराला त्यात संरक्षण आहे, कारण पगार कुणी एकतर्फी खाली आणू शकत नाही. पण मालकाला त्यात आराम आहे. बैठक पुढे ढकलली की खर्च तेवढे दिवस जुन्याच दराने होतो. तूर विकायला घाई असते ती शेतकऱ्याला, अडत्याला नसते, तसंच हे.

कुणाशी बोलायचं, हेही ठरलेलं होतं. महाराष्ट्रात १९७१चा कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा होता. किमान तीस टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळायची आणि करारावर सही करण्याचा अधिकार तिचाच असायचा. एसटीत अनेक संघटना होत्या, पण मान्यताप्राप्त एकच, महाराष्ट्र एसटी कामगार संघटना. बाकीच्यांनी घोषणा द्यायच्या, निवेदनं द्यायची. सहीचं पेन मात्र तिच्याच हातात. कागदावर ही सोय उत्तम आहे, कारण दहा जणांशी बोलण्यापेक्षा एकाशी बोलणं सोपं. अडचण तेव्हा होते, जेव्हा तो एक जण सही करून बाहेर येतो आणि मागे उभे असलेले म्हणतात, 'आम्हाला विचारलं होतं का?'

तिजोरी वेगळी, टेबल वेगळं

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पाहू. तिथे महामंडळाचे अधिकारी बसलेले. पगारवाढ द्यायची तर पैसा लागतो, आणि महामंडळाचा पैसा मुख्यतः तिकिटातून येतो. पण तिकिटाचा दर महामंडळ स्वतःच्या मनाने वाढवू शकत नाही; त्याला राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि राजकीय होकाराशिवाय तो प्रस्ताव हलत नाही. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी १७.१७ टक्के भाडेवाढ झाली, ती तीन वर्षांहून जास्त काळ थांबून. पुढची १४.९५ टक्के झाली जानेवारी २०२५मध्ये. मधल्या काळात डिझेल, टायर, सुटे भाग कुणाच्या मंजुरीची वाट पाहत थांबले नव्हते.

सवलतींचंही तेच. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३मध्ये महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय लोकांच्या कामाचे. बाजाराच्या दिवशी बिलोली स्टँडवर पाहिलं तर अर्ध्या तिकिटाने किती आयाबाया घराबाहेर पडल्या ते दिसतं. पण सवलतीची रक्कम महामंडळाला सरकारकडून यायची असते. म्हणजे वाहकाच्या पगारातला मोठा वाटा आज प्रवाशाच्या खिशातून नव्हे, मंत्रालयाच्या फायलीतून येतो. फाइल थांबली की पगार थांबतो.

हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं, तो १९५०चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा. त्यात दोन कलमं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम २२ सांगतं, महामंडळाने व्यवसायाच्या तत्त्वावर काम करावं. कलम ३४ सांगतं, राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं, आणि त्यात भरती, सेवाशर्ती आणि कामगारांना द्यायचं वेतन हेही येतं. थोडक्यात, दुकान तू चालव, नफा-तोटा तुझा, पण भाव मी सांगणार आणि गड्याचा रोजही मीच ठरवणार.

बोलणी अडण्याचं मूळ इथे आहे. संघटना ज्याच्यासमोर बसते, त्याच्या खिशात तिजोरीची किल्ली नसते. तो 'वर विचारून सांगतो' म्हणतो, आणि ते खरंच असतं. ज्याच्याकडे किल्ली आहे, तो टेबलावर बसत नाही, कारण बसला तर मालक म्हणून बसावं लागेल. आणि मालक म्हणून बसला, की 'मग आम्हाला सरकारी पगार का नाही?' हा प्रश्न पुढच्याच मिनिटाला येईल.

अडलेल्या गाडीचं वेळापत्रक

२०१६मध्ये संपलेल्या कराराचं काय झालं, ते पाहा. दीड वर्ष बोलणी रखडली. १७ ऑक्टोबर २०१७ला, ऐन दिवाळीत, संप झाला. चार दिवस राज्य अडकून पडलं. मुंबई उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, कामावर परतायला सांगितलं आणि तोडग्यासाठी समिती नेमायला लावली. समितीनेही गाठ सुटली नाही. १ जून २०१८ला, एसटीच्या वर्धापनदिनी, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४ हजार ८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा डोळे दिपवणारा होता. पण तो चार वर्षांचा आणि सगळ्या कामगारांचा मिळून होता. आगाराआगारांत लोकांनी तो आपापल्या मूळ वेतनावर उतरवून पाहिला आणि आठवडाभरातच, ८ आणि ९ जूनला, कुणी हाक न देता गाड्या थांबल्या. जाहीर झालेली सगळी रक्कम हातात पडलीच नाही, ही संघटनांची तक्रार पुढे वर्षानुवर्षं राहिली.

त्या वेळीच एक धोक्याची खूण दिसली होती: संप संघटनेने पुकारला नव्हता. बोलणी फार दिवस अडली की कामगाराचा विश्वास आधी प्रशासनावरून उडतो आणि मग स्वतःच्या नेत्यावरून.

३१ मार्च २०२०ला २०१६ ते २०२०च्या कराराचीही मुदत संपली. तेव्हा देशभर टाळेबंदी होती. गाड्या उभ्या, तिकीट बंद, पगार कधी अर्धा तर कधी दोन-दोन महिने उशिरा. त्रासाने काही कर्मचाऱ्यांनी जीव दिले. २७ ऑक्टोबर २०२१ला संघटनांच्या संयुक्त कृती समितीने उपोषण सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने २८ टक्के महागाई भत्ता आणि शहराच्या आकारानुसार ८, १६ किंवा २४ टक्के घरभाडे भत्ता मान्य केला. नेत्यांनी उपोषण सोडलं. पण आगारं उघडली नाहीत.

हा या साऱ्या कहाणीतला खरा वळणाचा क्षण. आता टेबलाच्या दोन्ही बाजू पोकळ झाल्या होत्या. एका बाजूला महामंडळ होतं, त्याच्या हाती पैसा नव्हता. दुसऱ्या बाजूला मान्यताप्राप्त संघटना होती, तिच्या मागे कामगार उरला नव्हता. कामगार म्हणाला, करारच नको. आम्हाला थेट सरकारात घ्या. विलीनीकरणाची मागणी म्हणजे दुसरं काय होतं? किल्ली ज्याच्या खिशात आहे, त्यालाच मालक म्हणून समोर आणण्याचा तो प्रयत्न होता.

पुढचं सर्वांना आठवतं. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ८ नोव्हेंबरला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती झाली. आझाद मैदानावर ठिय्या पडला. निलंबन, सेवासमाप्ती, बडतर्फी हे शब्द रोज कानांवर पडू लागले. मार्च २०२२मध्ये समितीचा अहवाल विधिमंडळात आला: विलीनीकरण शक्य नाही. ७ एप्रिलला न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि हजर होणाऱ्यांच्या नोकऱ्या वाचवल्या. लालपरी पुन्हा रस्त्यावर आली.

पगारपत्रक जवळून

मधल्या काळात, २४ नोव्हेंबर २०२१ला, तेव्हाचे परिवहनमंत्री अनिल परब यांनी अंतरिम वाढ जाहीर केली होती. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनात ५ हजार, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४ हजार, वीसच्या पुढे अडीच हजार. वेतनाच्या वाटाघाटीत 'मूळ' या शब्दावर इतका जीव का टाकतात, ते या आकड्यांत दिसतं.

तेव्हा दिलेल्या उदाहरणात नव्या कामगाराचं मूळ वेतन १२ हजार ८० आणि एकूण वेतन १७ हजार ३९५ रुपये होतं. मुळावर ४४ टक्के भत्ते धरले होते: २८ टक्के महागाई भत्ता आणि १६ टक्के घरभाडे. म्हणून ५ हजारांची वाढ प्रत्यक्षात ७ हजार २०० झाली आणि एकूण आकडा २४ हजार ५९५वर गेला. लहान गावात, जिथे घरभाडे ८ टक्क्यांनी मिळत होतं, तिथे हीच वाढ ६ हजार ८०० भरली. मूळ वेतन म्हणजे विरजण. जेवढं टाकाल त्याच्या मानाने दही. आज मुळात शंभर रुपये कमी पडले तर महागाई भत्त्याच्या प्रत्येक हप्त्यात, वार्षिक वाढीत आणि निवृत्तीनंतरच्या हिशेबात ते कमी पडत राहतात. करार दोन वर्षं अडला म्हणजे नुसती दोन वर्षांची रक्कम अडत नाही, पुढच्या सगळ्या वर्षांचा पाया खाली राहतो.

याच आकड्यांत नव्या भांडणाचं बीही होतं. नव्या पोराचा पगार एका दिवसात ४१ टक्क्यांनी वाढला, वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्याचा दहा टक्क्यांच्याही आत. २६ हजार मुळाच्या जुन्या कामगाराचा एकूण पगार ३७ हजार ४४०वरून ४१ हजार ४०वर आला. तळातल्याला आधी उचलायचं, हे तत्त्व न्यायाचं होतं, पण ज्येष्ठतेचं अंतर आक्रसलं. ही दुखरी जागा बरी व्हायला ३ सप्टेंबर २०२४चा संप लागला. गणपती तोंडावर होते, चाकरमान्यांच्या गाड्या आरक्षित होत्या. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मूळ वेतनात सरसकट साडेसहा हजारांची वाढ जाहीर केली. हिशेब सरळ होता: आधी ५ हजार मिळालेल्यांना आणखी दीड हजार, ४ हजारवाल्यांना अडीच, अडीच हजारवाल्यांना चार. सगळ्यांची बेरीज साडेसहा.

एका दिवसात प्रश्न सुटला, कारण त्या दिवशी टेबलावर किल्लीवाला बसला होता.

पुलापलीकडे

बिलोलीहून बोधनच्या रस्त्याला येसगीचा पूल ओलांडला की मांजरेच्या पलीकडे तेलंगण. देगलूरहून पुढे गेलं की कर्नाटकाचा बिदर जिल्हा. तीन राज्यांच्या बस इथल्या माणसाच्या ओळखीच्या आहेत, त्यामुळे चालक-वाहकांच्या गप्पांत 'तिकडे किती मिळतं' हा विषय कायमचा. सीमेवरच्या गावांनी २०१९मध्ये आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती, हेही इथे विसरलेलं नाही.

त्याच वर्षी तेलंगणाच्या परिवहन कामगारांनी ५ ऑक्टोबरपासून ५२ दिवस संप केला. मागणी हीच, सरकारात विलीनीकरण. तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव म्हणाले, संपावर गेलेल्यांनी स्वतःच स्वतःला बडतर्फ केलं आहे. नोव्हेंबरअखेर संप पदरात काही न पडता मागे घेतला गेला. नंतर मात्र त्याच मुख्यमंत्र्यांनी सगळ्यांना कामावर घेतलं आणि संपकाळाचा पगारही दिला. शेजारच्या आंध्र प्रदेशने १ जानेवारी २०२०पासून परिवहन कर्मचारी खरोखर सरकारात घेतले. महाराष्ट्रातल्या कामगाराला बळ आलं ते या बातमीने. पुढे ऑगस्ट २०२३मध्ये, निवडणूक जवळ आली असताना, तेलंगणानेही ४३ हजारांवर कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेण्याचा कायदा केला. तरी तिथल्या संघटनांनी मे २०२५मध्ये संपावर जाण्याची पुन्हा नोटीस दिली, तेव्हा मागण्यांत विलीनीकरणाची अंमलबजावणी होतीच. कायदा होणं आणि पगारपत्रक बदलणं यांत अंतर असतं.

कर्नाटकात करारही आहे आणि कटकटही. तिथल्या कामगारांनी एप्रिल २०२१मध्ये सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार मागत पंधरा दिवस संप केला. ऑगस्ट २०२५मध्ये ३८ महिन्यांच्या थकलेल्या फरकासाठी पुन्हा गाड्या थांबवल्या. तीन राज्यं, तीन भाषा, आणि मागणीपत्राचा मजकूर जवळपास एकच.

गंमत म्हणजे बिलोलीने 'सरकारी बस' एकदा पाहिली आहे. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि १९३२मध्ये २७ गाड्या आणि १६६ माणसांनिशी सुरू झालेली तिथली बससेवा निजामाच्या रेल्वेखात्याचाच भाग होती. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ला मुंबई राज्याची पहिली एसटी धावली, तेव्हा ती इथल्यांसाठी परराज्यातली गोष्ट होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याची सेवा मुंबई राज्याकडे आली आणि १९६१मध्ये आजच्या महामंडळात सामावली. नदीच्या दोन्ही काठांवरचे चालक एकाच खात्याचे वारस आहेत.

उशिराचा हिशेब

मग सगळ्यांना सरकारात घेतलं की प्रश्न मिटेल? सरकारी कर्मचारीही संप करतात. महाराष्ट्रात १९७७-७८मध्ये त्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, आणि मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी ते आठवडाभर बाहेर होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्येच सांगून ठेवलं आहे, की संप हा सरकारी कर्मचाऱ्यांचा मूलभूत हक्क नाही. एसटीच्या कामगाराला निदान करार करण्याचा हक्क आहे. तो दुबळा आहे, कारण त्याच्यासमोर खरा मालक बसत नाही.

नियमही बदलले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ५१ टक्के सभासद असलेली संघटनाच एकटी वाटाघाट करू शकेल, आणि चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय कुठल्याही उद्योगात संप करता येणार नाही. कामगाराच्या बाजूने कोण बोलणार आणि किती दिवस आधी सांगणार, याचा बंदोबस्त संहितेने नीट केला आहे. दुसऱ्या बाजूने कोण आणि किती दिवसांत उत्तर देणार, हा प्रश्न तिथेच उभा आहे.

साडेसहा हजारांच्या त्या वाढीची तारीख पुन्हा एकदा पाहा. करार होता एप्रिल २०२० ते मार्च २०२४ या काळाचा. तोडगा निघाला ४ सप्टेंबर २०२४ला. म्हणजे कराराची सगळी मुदत संपून वर पाच महिने झाले होते. मागचा फरक हप्त्यांनी देण्याची घोषणा व्हायला २०२५ची दिवाळी आली. तोवर २०२४ ते २०२८ या पुढच्या कराराची चार वर्षं एकेक महिन्याने सरायला लागलीच होती.

आगारात उशिराचा वेगळा कायदा आहे. पहाटेची वस्तीची गाडी अर्धा तास उशिरा निघाली, तर चालक-वाहकाला लेखी खुलासा द्यावा लागतो: उशिराचं कारण काय?